एक विळा कमी

गवार हाताने मोडता येते, तिला विळी लागत नाही. म्हणून वैशालीच्या घरात सारखी गवारच असायची. वांगी किंवा दुधी करायचा असला की सासू, गोजराबाई, पहाटे उठून फोडी करायची, मिठाच्या पाण्यात टाकायची, विळी लपवायची आणि मगच रानात जायची. दुपारपर्यंत वांगी काळी पडायची. वैशाली ती काळी वांगी फोडणीला टाकायची आणि कोणी काही बोलायचं नाही.

विळी कुठे लपवतात ते वैशालीला माहीत होतं. भाताच्या कणगीत, हातभर खोल. कापणीचा विळाही तिथेच होता, गोणपाटात गुंडाळलेला. माहीत असूनही ती कणगीकडे कधी गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने विळा घेऊन सासूवर धाव घेतली, असं सगळी वाडी सांगत होती. आणि वाडी सांगते ते खोटं म्हणायला तिच्याकडे स्वतःची आठवण नव्हती.

तिला आठवायचं ते वेगळंच. ती बांधावर उभी आहे आणि खाली खाचरात तिच्याच जांभळ्या साडीतली एक बाई हिरवं भात कापते आहे. भात अजून दुधात होतं, दाणा भरायचा होता. कानात माणसं बोलत होती, आज कापलं नाहीस तर हे भात तुझ्या घरातल्यांना खाईल, असं काहीतरी. अगं हिरवं कापू नको, असं वैशालीला त्या बाईला सांगायचं होतं. पण तोंड त्या बाईपाशी होतं, वैशालीपाशी नव्हतं. त्यापुढचं काहीच नाही. मग एकदम दवाखान्यातल्या छताचा पंखा.

औषधाने कानातली माणसं गेली. आधी लांब गेली, मग पुटपुटायला लागली, मग गप्प झाली. दर महिन्याला पौडला जाऊन गोळ्या आणायच्या, डॉक्टरीणबाईला दाखवायचं. गोळीने तोंड कोरडं पडायचं, अंग जड व्हायचं, बोटं बारीक थरथरायची. ते सगळं तिने पत्करलं होतं. राग मात्र गेला नव्हता, आणि जायला काही कारणही नव्हतं. पण त्या घरात तिच्या रागाला राग म्हणत नसत. सासू दिवसभर करवादली तर तो तिचा स्वभाव. नवरा, एकनाथ, ताट ढकलून उठला तर बिचारा दिवसभर कंपनीची बस चालवून दमलाय, मारुंजीतून कामाची पोरं उचला आणि माणला कंपनीत नेऊन सोडा. वैशालीचा आवाज जरा चढला की दोघं एकमेकांकडे बघायची आणि विचारायची, "गोळी घेतलीस का?"

त्या वर्षी परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. पिवळंधमक झालेलं इंद्रायणी भात खाचराखाचरांत आडवं पडलं होतं. आणखी आठ दिवस तसंच राहिलं तर लोंब्यांना कोंब फुटणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. मजूर मिळत नव्हते, खालच्या गावांत इमारती उठत होत्या आणि हात सगळे तिकडे गेले होते. राहिली इर्जिक. आज सगळी वाडी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सकाळी बांधावर जो तो आपला विळा ओळीने ठेवतो. वाडीतला वडीलधारा कोंडाजी ते मोजतो. ज्या घरचे जितके विळे इतरांच्या कापणीला, तितकेच विळे त्या घरच्या खाचरात, आणि ज्याचे जास्त त्याची पाळी आधी.

मागच्या साली ह्या घरचा एकच विळा होता, गोजराबाईचा. तिची उजवी मूठ नीट मिटत नाही, तळव्यावर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत वण आहे. पाळी अगदी शेवटी आली. तोवर भात पाण्यात पडून उगवलं. तेच भात भरडून, शिजवून वर्षभर खाल्लं. चिकट, आंबूस वासाचं. एकनाथ जेवताना एकदा तरी म्हणायचा, "काय खातोय आपण हे." म्हणायचा भाताला, बघायचा वैशालीकडे.

कोंडाजी इर्जिक ठरवायला अंगणात आला तेव्हा वैशाली गवारच मोडत बसली होती.

"गोजराबाई, औंदा बी एकच इळा धरू ना?"

"एकच, भावजी. एकनाथला रजा न्हाई देत."

"मग पाळी शेवटाला गं बाई. माजं तरी काय चालतंय."

"माजा धरा की आबा," वैशाली म्हणाली. "दोन व्हतील."

कोंडाजीने तिच्याकडे पाहिलं नाही. गोजराबाईला विचारलं, "हिची तब्येत कशी हाय आता?"

दोन हातांच्या अंतरावर जिवंत बसलेल्या बाईची तब्येत तो दुसऱ्या बाईला विचारत होता, गाय-म्हशीची विचारावी तशी. 

"मला इचारा ना आबा. मी हितंच हाय."

"वैशाली, गोळी घेतलीस का?" सासू म्हणाली.

"सकाळीच घेतली."

कोंडाजीने पटका सारखा केला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातात मोजणी असली की तो ज्याचा आवाज मोठा त्याचंच मोजतो. "बायका कुरकुर करत्यात," तो म्हणाला. "इळा न्हाई. पेंढ्या बांदायला यी. तेवडं चालंल."

"पेंढ्या बांदल्या तर इळा धरणार?"

"बघू," म्हणत तो उठला. त्याच्या त्या बघूचा अर्थ वैशालीला कळला. गवारीच्या शेंगा तिने इतक्या बारीक मोडल्या की भाजीत दिसल्याच नाहीत.

पहिला दिवस रंभाबाईच्या खाचराचा. रंभाबाई म्हणजे शेजारीण, पाच विळ्यांच्या घरची, वाडीतली कुठलीही गोष्ट तिच्या तोंडून गेल्याशिवाय पुरी व्हायची नाही. वैशाली हातात विळा घेऊन घरातून सुटली, ओढ्यापर्यंत सासूच्या मागे पळाली, तीन माणसांनी धरून खाली पाडली, ही गोष्ट तिचीच. दर वेळी माणसं वाढायची. सांगताना रंभाबाई स्वतःही त्यात असायची, प्रत्यक्षात ती त्या दिवशी माहेरी होती.

बायका ओळीने आपापली पात, कापायचा पट्टा, धरून पुढे सरकत होत्या. वैशाली मागून मुठी गोळा करायची, पेंढी करायची, गवताच्या दोरीने आवळायची. तिच्या पुढ्यातली बाई दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघायची. पाणी प्यायला बसल्या तेव्हा रंभाबाईने तांब्या सगळ्यांना दिला, वैशालीपुढे मात्र ठेवला आणि हात पटकन मागे घेतला.

"उनानं डोकं बिकं दुकत आसंल तर सावलीला बस बाई," रंभाबाई म्हणाली. ऊन नव्हतंच. आभाळ गच्च भरून आलं होतं.

"डोकं न्हाई दुकत, काकी."

"मी आपलं म्हणलं."

बायका खाली बघून हसल्या. वैशाली पाणी प्यायली, आणि तांब्या खाली ठेवताना तिचा उजवा हात लांब गेला. असं अजून व्हायचं, महिन्यात एखाद्या वेळी. हात दिसायचा, बांगड्याही तिच्याच, पण तो कोणाचा तरी तिथे ठेवल्यासारखा वाटायचा. आता थोड्या वेळात हातापाठोपाठ आपणही अंगातून निघून बांधावर जाऊ आणि खाली वाकलेली एक बाई बघत बसू, हे तिला माहीत होतं. पौडच्या डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, घाबरू नका, पायाखाली काय आहे ते स्वतःला सांगा आणि हाताला काहीतरी काम द्या. वैशालीने टाच चिखलात रुतवली. चिखल, ती मनात म्हणाली. गार. डाव्या पायाला धसकट टोचतंय. लई टोचतंय. टोचणं टाचेतून वर आलं. पाठोपाठ गुडघे आले, पाठ आली. हात तेवढा अजून यायचा होता, त्याला काम हवं होतं.

रंभाबाईचा विळा तिथेच बांधावर पडला होता. खाचराच्या कोपऱ्यात आडवं पडलेलं भात राहिलं होतं, लोंब्या पाण्याला टेकायला आल्या होत्या. वैशालीने विळा उचलला आणि कोपऱ्यात जाऊन वाकली. मनात काही ठरवलेलं नव्हतं. डाव्या मुठीत भाताचा चूड धरला, बुडाशी पातं लावलं, ओढलं. दुसरा चूड. तिसरा. कापलेल्या काडीचा ओला वास नाकात शिरला आणि हात परत आला. येताना एकटा आला नाही, दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस घेऊन आला.

ह्या खेपेला ती बांधावर नव्हती. जांभळी साडी तिच्याच अंगावर होती, ओली, पोटऱ्यांना चिकटलेली. डाव्या मुठीत हिरवं भात, उजव्या हातात विळा, पातं खाली, चुडाच्या बुडाशी, घोट्याएवढ्या उंचीवर. आणि समोरून कोणीतरी वाकलं. सुरकुतलेला हात आला आणि त्याने पातंच घट्ट धरलं. ओढलं. विळा वर गेलाच नव्हता. हात खाली आला होता.

"ठेव गं. खाली ठेव बाई इळा," मागून रंभाबाई हळू आवाजात म्हणत होती, मारक्या बैलाशी बोलावं तशी. सगळ्या बायका उभ्या राहिल्या होत्या. एकीने आपलं लेकरू काखेत उचललं होतं.

वैशालीने विळा खाली ठेवला. तिने फक्त गोजराबाईकडे पाहिलं. गोजराबाईने वण असलेला हात पदराखाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गोळी घेतलीस का?"

संध्याकाळी एकनाथ कामावरून आला, ओट्यावर बसून बूट काढायला लागला. गोजराबाई आत तांदूळ निवडत होती. वैशाली तिच्यासमोर जाऊन बसली.

"आत्या, त्या दिशी इळा खाली हुता. भाताच्या बुडाशी. तुमी वाकून पात्याला हात घातला."

गोजराबाई खडे वेचत राहिली.

"काय लावलंय आल्या आल्या?" एकनाथ बाहेरून म्हणाला. "आजारपणातलं तुला काय आठवतंय?"

"आता आठवतंय."

"गोळी..."

"घेतली. रोज घेती. गोळी घेऊनच बोलतिया. गोळी घेतली म्हंजी बाईला राग येऊच नये का?"

एकनाथ एक बूट हातात घेऊन दारात आला. त्याने आईकडे पाहिलं, नेहमीसारखं. ह्या वेळी आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"व्हय," गोजराबाई म्हणाली. "मीच धरला. हिरवं कापत सुटली हुतीस, हाका मारून ऐकंना. म्हणून धरला."

"मग मी तुमच्यावर धावून आले असं का सांगितलंत?"

"ह्याला इचार." गोजराबाईने हनुवटीने मुलाकडे दाखवलं. "चार म्हयनं तू भितीशी बोलत हुतीस. देवऋषी झाला, उतारं झालं, लिंबं झाली. मी म्हणत हुते, हिला पुण्याला दावाखान्यात न्हे. ह्यो म्हणायचा, लोक काय म्हणतील. हिरवं भात कापलं म्हणून त्यानं गाडी काढली नसती. हात तर फाटलाच हुता. म्हणलं, माज्यावर आली. लगीच गाडी काढली."

 कानातली शांतता, पौडची डॉक्टरीणबाई, रात्रीची झोप, हे सगळं त्या खोट्यातून आलं होतं. सासूने तिला वाचवलं होतं. हे कळलं तशी ती आणखीच पेटली. आता नुसतं ओरडून भागणार नव्हतं.

"त्या दिशी बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी का न्हाई खरं सांगितलंत? मी दावाखान्यात पडून म्हणत हुते, मी आत्याला मारलं. माजाच हात मला नकोसा झाला. दोन वर्सं ह्यो हात मी उशीखाली दाबून निजती, रातचं कुणाला काय करू नये म्हणून. तुमी बघत हुता."

गोजराबाईने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग तांदळाकडे बघतच म्हणाली, "लोक यायला लागले हात बघाया. कशी हायेस गोजरा, जप गं. जलमात मला कुणी असं इचारलं नव्हतं."

असं काही ऐकायला मिळेल असं वैशालीला वाटलं नव्हतं. तिला सासूची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

"आणि तुमी," ती नवऱ्याकडे वळली. "आईवर इळा आला म्हणल्यावर गाडी निगाली. माज्यासाठी चार म्हयनं निगाली न्हाई."

एकनाथने हातातला बूट खाली ठेवला. "आता झालं गेलं," तो म्हणाला. "घरातलं घरात राहू दे."

"घरात राह्यलं असतं तर काय पायजे हुतं? वाडीभर तुमीच केलंत. उद्या बांदावर सांगायचं, आत्या. सगळ्यांसमोर."

"माजी अब्रू जाईल."

"माजी दोन वर्सं गेलीया."

वैशाली उठली, कणगीचं झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात घालून विळी बाहेर काढली, मग गोणपाटातला विळा. विळा दाराशी ठेवला. विळीवर पाय देऊन बसली आणि कांदा चिरायला घेतला. बोटं थरथरत होती, ती गोळीमुळे थरथरायचीच. दोघं उभी राहून बघत होती. तिने कांदा बारीक चिरला, अगदी एकसारखा, आणि दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीच्याच खाचराची पाळी होती. बांधावर विळे ओळीने लागले. गोजराबाईने आपला विळा ठेवला. त्याच्याशेजारी वैशालीने आपला ठेवला. गोणपाटात राहून त्याच्यावर गंज चढला होता, सकाळी अंगणातल्या दगडावर घासून तिने तो पांढरा केला होता.

कोंडाजी बोटाने मोजत आला आणि थांबला. "ह्यो कुणाचा?"

"माजा."

"आगं, आदीच ठरलंय ना..."

"मी हिच्याशेजारी पात धरायची न्हाई," रंभाबाई म्हणाली. "काल बघितलं न्हाई का समद्यांनी? पुन्यांदा काय झालं तर कुणी निस्तरायचं?"

 वैशालीने सासूकडे पाहिलं नाही. जे म्हणायचं ते काल संध्याकाळी म्हणून झालं होतं, आता बांधावर वदवून घेतलेलं तिला नको होतं. बांधावर वारा सुटला होता, पलीकडच्या डोंगरावर पाऊस दिसत होता. कोंडाजीने खाली वाकून वैशालीचा विळा ओळीतून बाजूला करायला हात लांबवला.

"ऱ्हाऊ द्या तो, भावजी," गोजराबाई म्हणाली.

तिने तळवा उघडला, पुरता मिटत नव्हता तसा तो पुरता उघडतही नव्हता. "ह्ये तिनं न्हाई केलं. तिनं इळा उगारला न्हाई. भात कापत हुती, म्या मधी हात घातला. माज्यावर आली म्हणाले ते खोटं. माजं खोटं."

एवढंच बोलली. आवाज इतका बारीक होता की मागच्या बायकांनी पुढच्यांना विचारून घेतलं. रंभाबाईचं तोंड उतरलं आणि लगेच फुगलं. "आगं मग येवडे दिस आमाला कशाला फशिवलंस?" ती गोजराबाईला म्हणाली. जणू फसवणूक तिचीच झाली होती. ओढ्यापर्यंतचं पळणं आणि ती तीन माणसं कुठून आली होती, ते कोणी विचारलं नाही. एक म्हातारी फिस्सकन हसली. कोणाला डास चावले, कोणाला लुगड्याचा काष्टा नीट करायचा होता. वैशालीला कोणी काही म्हणालं नाही. चुकलं आमचं, एवढे दोन शब्द त्या सगळ्या बांधावर कोणाकडे नव्हते. ती वाट बघत उभी होती, आणि आपण वाट बघतोय ह्याचाच तिला संताप आला.

कोंडाजी खाकरला. "एकनाथच्या घरचे दोन," तो म्हणाला आणि पुढे मोजत गेला.

पात धरायच्या वेळी वैशालीच्या दोन्ही बाजू मोकळ्याच राहिल्या. एका बाजूला बांध होता, दुसऱ्या बाजूला शेवटी गोजराबाई येऊन उभी राहिली. तिसरं कोणी नव्हतं. दोघी वाकल्या. वैशालीची बोटं थरथरत होती, पण मूठ आवळली की थरथर थांबायची. चूड धरायचा, पातं लावायचं, ओढायचं. दुपार व्हायच्या आत हात असा बसला की तिला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही. आभाळ गडगडायला लागलं तशा सगळ्या जणी घाईने कापायला लागल्या. वैशालीने आपली पात कडेला नेली आणि पाठ सरळ करून वळून पाहिलं.

गोजराबाई अर्ध्यातच होती. विळा डाव्या हातात घेऊन, न मिटणाऱ्या उजव्या मुठीत भात धरून ती एकेक चूड सरकत होती. ज्याची पात आधी सुटते त्याने मागे राहिलेल्याची पात समोरच्या टोकाने धरायची, हे इर्जिकीत कोणाला सांगावं लागत नाही. बायका थांबून बघत होत्या. वैशाली बांधावर गेली, बसली, तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायली. सावकाश प्यायली. सासूचं वाकणं बघत राहिली. आता तिचा राग सगळ्यांना दिसत होता. रंभाबाईचे ओठ हलले, पण ती काही विचारायला धजली नाही. दुसरंही कोणी गोळीचं नाव काढलं नाही.

पहिले थेंब पडले तेव्हा ती उठली. सासूच्या पातीच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि कापायला वाकली. ती ह्या बाजूने, गोजराबाई त्या बाजूने. दोघींनी मान वर केली नाही. मधलं भात कमी होत गेलं, दोन हात, हातभर, मग एकच चूड राहिला. तो गोजराबाईच्या मुठीत होता, त्याच अर्धवट मिटणाऱ्या मुठीत. वैशालीचा विळा त्या मुठीखाली आला.

गोजराबाईने हात मागे घेतला नाही. तिने चूड आणखी घट्ट धरला आणि पात्याला जागा व्हावी म्हणून मनगट जरासं वर उचललं.

वैशालीने एका ओढीत चूड कापला. "सरा आता, भिजतंय," ती म्हणाली आणि पेंढी आवळायला घेतली.